आंबेनळी घाटात लाव्हाचे प्रवाह कसे मोजायचे

सह्याद्री काळ्या दगडाचा, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण तो एक दगड नाही. एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या प्रवाहांचा तो ढीग आहे, आणि त्यात वाचण्यासारखं जे काही आहे ते बहुतेक सगळं दोन प्रवाहांच्या सीमेवर लिहिलेलं आहे. ती सीमा ओळखता आली की लेण्यांत पाणी कुठून झिरपतं, गडावर झरा ठरावीक उंचीलाच का फुटतो, एका शेतातली विहीर तुडुंब आणि शेजारची कोरडी का, याचा उलगडा एकाच निरीक्षणातून होऊ लागतो. म्हणून नवशिक्यानं खनिजांची नावं पाठ करण्याआधी ही सीमा शोधायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट उत्तम. सावित्रीच्या खोऱ्यातून रस्ता चढायला लागतो आणि पठारावर पोहोचेपर्यंत हजार मीटरहून जास्त उंची पार करतो. वाटेत रस्त्यासाठी कापलेली दरड जवळजवळ सलग दिसत राहते. दख्खनच्या बसाल्टचे, म्हणजे या काळ्या लाव्हाच्या दगडाचे, जे गट भूवैज्ञानिकांनी पाडले आहेत, त्यांतले पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर हे तीन गट याच परिसराच्या नावानं ओळखले जातात. खालचा सर्वांत जुना, वरचा सर्वांत नवा. म्हणून चालायला किंवा गाडीनं जायला सुरुवात पोलादपूरकडून करावी. उलट दिशेनं आलात तर पुस्तक शेवटच्या पानापासून वाचल्यासारखं होतं.

आधी एकच प्रवाह नीट पाहू. दरडीच्या पायथ्याशी उभं राहून नजर खालून वर न्यायची.

प्रवाहाच्या तळाशी एक पातळ पट्टा असतो, बहुतेक वेळा हातभरसुद्धा नाही. त्यात बारीक भोकं असतात. नीट पाहिलं तर काही ठिकाणी उभ्या नळ्या दिसतात, पेन्सिलीएवढ्या जाड आणि वीतभर किंवा त्याहून थोड्या लांब. तळाकडून लाव्हा थिजत जाताना त्यातला वायू वर सरकतो आणि या नळ्या तयार होतात. पुढे त्यांत पांढरी किंवा हिरवट खनिजं भरतात. दोन नळ्या वर जाताना एकत्र येतात, त्यामुळे उलट्या इंग्रजी Y सारखा आकार दिसतो. दरडीतून निखळून पडलेल्या धोंड्याची मूळची वरची बाजू कोणती, हे ठरवायला ही खूण फार उपयोगी. नळ्या वरच्या टोकाला वाकलेल्या असतील तर लाव्हा त्या बाजूला सरकत होता असं म्हणता येतं. पण हे लाव्हाच्या त्या एका जिभेपुरतंच, म्हणजे पुढे सरकलेल्या एका लोळापुरतंच, खरं असतं. अशा एका निरीक्षणावरून ज्वालामुखीचं तोंड कुठे होतं हे सांगायला जाऊ नये. लाव्हाच्या जिभा वाट मिळेल तिकडे वळतात, त्यामुळे पन्नास मीटरवर दुसरी जीभ उलट दिशा दाखवू शकते.

तळाच्या पट्ट्यावर गाभा. हा काळाशार, घट्ट, भोकं जवळजवळ नसलेला भाग असतो. पाथरवट ज्याला काळा पाषाण म्हणतात तो हाच. हातोडी मारली तर खणखणीत आवाज येतो आणि हातोडी उसळते. गाभ्यात उभ्या भेगा असतात. थंड होताना दगड आकसतो आणि या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढत जातात. नियमित वाढल्या की पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं मुंबईकरांच्या ओळखीचं उदाहरण. आंबेनळीत इतके देखणे खांब शोधत बसू नका, सर्वसाधारण उभ्या भेगांवर समाधान माना.

गाभ्याच्या वर भोकांचा जाड थर येतो. खाली भोकं मोठी आणि विरळ, वर जावं तशी बारीक आणि दाट. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या खडक म्हणतात तो बहुधा या भागातला. भोकांत पांढरी खनिजं भरलेली असल्यामुळे ठिपकेदार दिसतो, हातोडीखाली फुटतो आणि गाभ्यापेक्षा लवकर कुजतो. घाटात दरडीवर जिथे उतार थोडा मंद होऊन गवत आणि झुडपं वाढलेली दिसतात, तिथे बऱ्याचदा हाच भाग असतो. त्याच्यावरचा उभा काळा कडा म्हणजे पुढच्या प्रवाहाचा गाभा. सह्याद्रीचे टप्पे टप्पे दिसतात ते या मऊ-कठीण जोड्यांमुळेच.

वरचा भोकांचा थर एवढा जाड कसा झाला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्यात प्रवाहाचं घड्याळ आहे. असा प्रवाह धो-धो वाहत आलेला नसतो. आधी हात-दीड हात जाडीची जीभ पसरते, तिच्यावर साय धरल्यासारखं कवच धरतं, आणि खालून लाव्हा येतच राहतो. कवच उचललं जातं, प्रवाह फुगत जातो. कवच जसजसं खालच्या बाजूनं जाड होतं, तसतसे वर येणारे बुडबुडे त्यात अडकत जातात. हवाई बेटांवरच्या ताज्या लाव्हावर मोजमाप करून एक सोपं सूत्र बसवलं गेलं आहे: कवचाची जाडी मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि 164.8 नं गुणायचं. उत्तर तासांत येतं.

समजा दरडीत वरचा भोकांचा थर 5 मीटर भरला. पाचाचा वर्ग 25, गुणिले 164.8, म्हणजे 4,120 तास. साधारण 172 दिवस. म्हणजे ती एक जीभ खालून लाव्हा घेत साडेपाच महिने फुगत होती. थर 8 मीटर असेल तर हिशेब चौदा महिन्यांच्या वर जातो, आणि 1 मीटर असेल तर एक आठवडा. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, हे लक्षात ठेवावं. पावसानं कवच लवकर थंड झालं असेल तर खरा वेळ यापेक्षा कमी असेल, म्हणून या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहायचं. तरीही टेप लावून एका दगडी थरातून महिन्यांचा हिशेब काढता येतो, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. मोजताना भोकांचा थर जिथे संपतो ती रेषा पुसट असते. भोकं मोजक्या जागी एकत्र गोळा झालेली दिसू लागली की तिथे थांबावं, आणि पाच-सात मीटरच्या अंतरावर तीन ठिकाणी मोजून मधला आकडा घ्यावा.

आता सीमा. एका प्रवाहाच्या भोकांच्या थरावर दुसऱ्या प्रवाहाचा तळ टेकतो, आणि काही वेळा या दोहोंमध्ये विटकरी रंगाचा मातकट थर असतो. विहिरीवाले त्याला गेरू म्हणतात, भूविज्ञानात त्याचं नाव रेड बोल. जाडी चार बोटांपासून मीटरभर, क्वचित त्याहून जास्त. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात खालच्या प्रवाहाचा माथा कुजून किंवा वर पडलेली ज्वालामुखीची राख कुजून ही माती झाली. मग वरचा तापलेला लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजली गेली. म्हणून खऱ्या गेरूची वरची कड धारदार असते आणि रंग तिथे सर्वांत गडद. खाली मात्र तो हळूहळू तपकिरी होत मुरमात आणि मग भोकांच्या दगडात मिसळून जातो. वर सुरीनं कापल्यासारखी रेषा आणि खाली पुसट संक्रमण, ही जोडी दिसली तर सीमा पक्की धरा. आणखी एक चाचणी: सुका तुकडा पाण्याच्या पेल्यात टाका. फुगणारी चिकणमाती असल्यामुळे तो थोड्या वेळात फुगून विस्कटतो. नुसता लाल डाग चढलेला बसाल्ट तसाच राहतो.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. दरडीवरून पावसाचं पाणी लोखंडाचा गंज घेऊन खाली ओघळतं आणि लाल पट्टे उठतात. ते उभे असतात, भेगांच्या कडेनं जातात आणि नखानं खरवडले तर आत काळा दगड निघतो. त्यांना गेरू समजू नये. रस्ता रुंद करताना वरून ढकललेला लाल मुरूम दरडीच्या पायथ्याशी साचतो आणि त्यावर गवत उगवलं की तो मूळचा थर वाटतो. बोटानं उकरलं की त्यात डांबराचे तुकडे, प्लास्टिक सापडतं. तिसरी फसगत आडव्या भेगांची. गाभ्यातही आडव्या भेगा पडतात आणि लांबून त्या थरांच्या सीमा वाटतात. भेगेच्या वर आणि खाली दगड सारखाच घट्ट असेल, भोकांत बदल नसेल, तर तो एकच प्रवाह आहे.

गोल गोल धोंडे पाहून पाण्याखाली तयार झालेला उशीसारखा लाव्हा सापडला असं वाटण्याचीही दाट शक्यता असते. भेगांनी तुकडे पडलेला गाभा कोपऱ्यांकडून कुजत जातो आणि सालं सुटत गोळे उरतात. उशीच्या लाव्हाला बाहेरून काचेसारखी कड असते आणि तिच्या आत भोकांची वर्तुळं असतात. कुजलेल्या गोळ्यात सालं मऊ, पिवळट-तपकिरी, आणि गाभा ताजा काळा. काचेची कड दिसेपर्यंत उशी म्हणू नये.

सर्वांत अवघड प्रश्न एका प्रवाहाची व्याख्या करण्याचा. उत्तरेकडे, म्हणजे इगतपुरी, कसारा, भीमाशंकर भागात, एका उद्रेकातल्या छोट्या जिभा एकमेकींवर चढून बसलेल्या दिसतात. प्रत्येक जिभेला स्वतःचं कवच, स्वतःचा तळ. त्या प्रत्येकीला स्वतंत्र प्रवाह मोजलं तर आकडा अवास्तव फुगतो. नियम असा: दोन जिभांच्या मध्ये माती किंवा कुजलेला माथा नसेल, वरचीचा तळ खालचीच्या उंचसखल कवचावर जसाच्या तसा बसला असेल, तर त्या एकाच प्रवाहाच्या भाग आहेत. आंबेनळीत जाड, सलग पसरलेले प्रवाह जास्त असल्यामुळे मोजणी सोपी जाते. शिकण्यासाठी हा घाट आधी घ्यायला सांगतो, ते त्यामुळेच.

उंची नोंदवल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही, आणि फोनवरची उंची डोळे झाकून लिहून घेऊ नये. उपग्रहांच्या गणितातून थेट येणारी उंची पृथ्वीच्या एका आदर्श लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. त्यामुळे दुरुस्ती न करणारं अ‍ॅप खरी उंची 900 मीटर असताना 835च्या आसपास दाखवेल. दोन अ‍ॅपमध्ये एवढा फरक दिसला तर कारण हेच. हवेच्या दाबावर चालणारं यंत्र जवळच्या दोन ठिकाणांमधला फरक छान दाखवतं, पण दाब दिवसभरात आपोआप बदलतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक 3 हेक्टोपास्कल धरला तरी उंचीत पंचवीस-तीस मीटरची चूक येते, म्हणजे एक अख्खा प्रवाह. उपाय सोपा आहे. पोलादपूर, प्रतापगडाच्या पायथ्याचं कुंभरोशी आणि महाबळेश्वर या तीन जागांची उंची टोपोशीटवरून, म्हणजे समान उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावरून, आधी लिहून ठेवा आणि तिथे पोहोचल्यावर यंत्र जुळवून घ्या.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, 5 मीटरचा टेप, कंपास, मळकट होऊ शकेल अशी वही, चाकू आणि पाण्याची बाटली. हातोडी असेल तर खाली पडलेल्या दगडावरच चालवावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण ताज्या बसाल्टची कपची काचेसारखी उडते. गडांवर आणि लेण्यांत ती पिशवीतून काढायचीच नाही. कंपास दगडाला टेकवून वाचू नका. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, आणि माथ्यावरच्या वीज पडलेल्या कातळाजवळ सुई भलतीकडेच फिरते. एक-दोन मीटर दूर उभं राहून वाचन घ्यावं. पावसाळ्यात आणि त्यानंतर दरड ओली असेपर्यंत घाटात दरडीखाली उभं राहायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि तिरप्या उन्हात थर उठून दिसतात.

भोकांतल्या खनिजांबद्दल थोडक्यात. चाकूनं ओरखडा उठत नाही आणि काचेवर चरा पडतो ती गारगोटी किंवा तिचे भाऊबंद. चाकूनं सहज कोरलं जातं आणि सौम्य आम्ल टाकल्यावर फसफसतं ते कॅल्साइट. मोत्यासारखी चमक, चाकूनं जोर लावल्यावर ओरखडा आणि आम्लात फेस नाही, असं पांढरं किंवा फिकट गुलाबी खनिज बहुधा झिओलाइट असतं. पोकळीच्या भिंतीला निळसर हिरवं अस्तर दिसतं ते सेलाडोनाइट. वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभर प्रसिद्ध आहे, पण ते रस्त्याकडेला भेटेल अशी आशा धरू नये.

पोलादपूर गट कुठे संपतो आणि आंबेनळी गट कुठे सुरू होतो, हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही. दोन्हीकडे काळाच बसाल्ट. ही विभागणी रसायनांवर आधारलेली आहे. वर येताना लाव्हानं खालच्या जुन्या खंडीय खडकाचा किती अंश स्वतःत मिसळून घेतला, हे स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांच्या (वेगळ्या वजनाच्या अणूंच्या) गुणोत्तरातून कळतं. आंबेनळीत ते 0.704च्या आसपास आहे, म्हणजे मिसळ अगदी कमी. पोलादपूरमध्ये ते त्याहून जास्त. म्हणून दरडीकडे बोट दाखवून कुणी छातीठोकपणे गट सांगत असेल तर त्याला विचारावं, नमुना तपासला का?

काळाचा हिशेब गेरूतून आला. बसाल्टमध्ये झिरकॉन हे युरेनियम असलेलं खनिज फारसं सापडत नाही, पण मधल्या लाल थरांत पडलेल्या राखेबरोबर झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक आले आणि युरेनियम-शिशाच्या पद्धतीनं त्यांचं वय काढता आलं. 22 फेब्रुवारी 2019च्या ‘सायन्स’मध्ये या प्रश्नावर दोन शोधनिबंध एकाच अंकात आले. एकानं झिरकॉन वापरले, दुसऱ्यानं बसाल्टवर आर्गॉनची पद्धत. मुख्य उद्रेक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांच्या आत आटोपले, यावर दोघांचं एकमत. पण लाव्हा ठळक टप्प्यांत आला की बराचसा सलग, आणि त्याचा किती भाग डायनोसॉर नाहीसे होण्याआधीचा, यावर मतभेद. हा वाद मिटायचा तर लाल थर एक एक करून, अचूक उंचीसह नोंदवले जायला हवेत. एक थर चुकीच्या प्रवाहावर दाखवला गेला की त्याचं वयही चुकीच्या जागी चिकटतं. वर उंचीबद्दल इतकं लिहिलं ते यासाठी.

याच थरांच्या उंचीवरून आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रवाह आडवे दिसतात, पण दक्षिणेकडे ते एक अंशाहूनही कमी कलले आहेत. डोळ्याला न जाणवणारा हा कल शंभर-दोनशे किलोमीटरवर शेकडो मीटरचा होतो. त्यामुळे 1,646 मीटरचं कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर ज्या प्रवाहांचं आहे ते महाबळेश्वरच्या प्रवाहांपेक्षा जुने आहेत. जास्त उंच म्हणजे जास्त नवं, हा नियम एका घाटापुरता ठेवावा. दोन घाटांची तुलना करताना तो मोडतो.

पूर्वेला नागपूरकडे गेलं की गेरूऐवजी दोन प्रवाहांमध्ये तळ्यातला गाळ सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख, वनस्पतींचे अवशेष. सीताबर्डीच्या टेकडीजवळचे आणि टाकळीचे असे थर एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी अभ्यासले. दोन उद्रेकांच्या मध्ये तळी भरली, त्यांत जीव वाढले आणि गाळ साचला, एवढा अवकाश मिळत होता, याचा तो थेट पुरावा आहे.

आता विहिरी. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बसाल्टवर आहे. ताज्या गाभ्यात पाणी मावत नाही, ते भेगांतच राहतं. कुजलेल्या, भेगाळ मांजऱ्यात आणि मुरमात ते साठतं. गेरू पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या माथ्यावरून ते आडवं सरकतं आणि डोंगरउताराला तो थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. गावाजवळच्या ओढ्यात, रस्त्याच्या कटाईत आणि जुन्या विहिरींच्या भिंतींत प्रवाहांच्या सीमा कोणत्या उंचीला आहेत हे आधी लिहून काढलं, तर नवी विहीर किती खोल गेल्यावर पुढची सीमा लागेल याचा बराच अंदाज येतो. एवढं करूनही मांजऱ्या कोरडा निघू शकतो. भोकं खनिजांनी गच्च भरलेली असतील आणि भेगा नसतील तर त्यात पाण्याला शिरायला जागाच नसते. म्हणून जुन्या विहिरीत उतरता आलं तर नुसता खडक न पाहता उन्हाळ्यात भिंतीचा कोणता पट्टा ओला राहतो ते पाहावं आणि त्याची काठापासूनची खोली टेपनं मोजून घ्यावी. विहीर बांधून काढलेली असेल तर हे दिसत नाही. मग खणताना निघालेल्या डबराचा ढीग शेताच्या बांधावर कुठे टाकला ते विचारायचं. ढिगात सर्वांत वर पडलेला दगड बहुतेक वेळा सर्वांत खोलातून आलेला असतो.